डबल जास्वंदाच्या पाकळीवरचे पिवळे दाणे: रोग नाही, फवारू नका

ताई, धरमपेठेतल्या गच्चीवरच्या डबल जास्वंदाच्या मधल्या पाकळ्या चुरगळलेल्या निघतात, त्यांच्या कडेला पिवळे दाणे दिसतात, म्हणून काय फवारू असं तुम्ही विचारलंत. काही फवारू नका. ते दाणे म्हणजे परागकोष, पुंकेसराच्या टोकावरच्या परागाच्या पिशव्या. पुंकेसराची पाकळी होता होता काम अर्ध्यात थांबलंय.

शेजारी साधं सिंगल जास्वंद ठेवून बघा. बाहेरून आत एकेक वर्तुळ: कळी झाकणारी हिरवी निदलं, पाच पाकळ्या, मग पुंकेसरांची नळी आणि तिच्यातून वर आलेली स्त्रीकेसराची पाच टोकं. कुठल्या वर्तुळात काय फुटायचं हे कळी डोळ्याला दिसायच्या आधीच ठरतं. कोएन आणि मायरोविट्झ या शास्त्रज्ञांनी १९९१ साली याचा हिशेब मांडला, तोही आपण थंडीत कुंडीत लावतो त्या डॉग फ्लॉवरवरून आणि मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसवरून. जनुकांचे ए, बी आणि सी असे तीन गट धरा. ए एकटा असला की निदल, ए-बी मिळून पाकळी, बी-सी मिळून पुंकेसर, सी एकटा असला की स्त्रीकेसर. यातला ए दुसऱ्या झाडांत नीट जुळत नाही. बी-सी मात्र पक्के.

सी ढिला पडला की पुंकेसराच्या जागी पाकळ्या येतात. शिवाय ‘आता फूल पुरे’ हेही सीच सांगतो; तो पार गेला तर फुलात फूल निघत राहतं. गुलाबात थंडीनेही सी दबतो आणि पाकळ्या वाढतात. झेंडूचा गोंडा यात धरू नका, तो मुळात अनेक फुलांचा गुच्छ आहे.

ही यंत्रणा फुलांपेक्षा जुनी आहे. चीड-देवदाराला फूल नसतं, तरी नर शंकूत बी-सीचे भाऊबंद दोन्ही आणि मादी शंकूत फक्त सीचे सापडतात. कुमुदिनीत तर पाकळी कुठे संपली आणि पुंकेसर कुठे सुरू झाला, ते आजही बोट ठेवून दाखवता येत नाही.

डबल जास्वंदाचं स्त्रीकेसर बरेचदा बिघडलेलं असतं, तेव्हा बिया धरायची वाट बघू नका. पावसाळ्यात फांदी लावा. हौस असेल तर सकाळी ते पिवळे दाणे सिंगल जास्वंदाच्या टोकांवर घासून बघा.