फंक्शन कॉलसिम्समध्ये दिसतं, तरी मॉड्यूलला का सापडत नाही?

तुमची अडचण अशी दिसते: लिनक्सचं डेबियन १०, कर्नल (सिस्टमचा गाभा) ४.१९. स्वतः लिहिलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) बिल्ड होतं, पण इन्समॉड (ते लोड करायची आज्ञा) केलं की ‘अननोन सिम्बॉल इन मॉड्यूल’ येतं, म्हणजे मॉड्यूलला हवं असलेलं एखादं नाव सापडत नाही. आणि अडलेलं फंक्शन तर /प्रॉक/कॉलसिम्समध्ये, म्हणजे चालू कर्नलमधल्या नावांच्या यादीत, दिसतंय.

दिसतंय, पण तुमच्यासाठी ते खुलं नाही. कॉलसिम्समध्ये कर्नलची जवळपास सगळी फंक्शन्स असतात, स्टॅटिक, म्हणजे एका फाइलपुरतीच ठेवलेलीसुद्धा. मॉड्यूलला मिळतात ती सोर्समध्ये एक्स्पोर्ट_सिम्बॉल (मॉड्यूल्ससाठी खुलं करणारी खूण) लावलेली तेवढीच. नावाआधी कॅपिटल टी आहे म्हणून फसू नका. मूळ कर्नलमधलं फंक्शन असेल तर ते स्टॅटिक नाही, एवढंच त्यातून कळतं. खरी यादी कर्नल हेडर्सच्या (मॉड्यूल बिल्ड करायला लागणाऱ्या फाइल्सच्या) फोल्डरमधल्या मॉड्यूल.सिमव्हर्स या फाइलमध्ये आहे. तिथे नाव ग्रेप करा, म्हणजे शोधा. मिळालं तर त्याच ओळीत एक्स्पोर्टचा प्रकारही वाचा: जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स) असेल, तर तुमच्या मॉड्यूलचं लायसन्सही त्याच्याशी जुळणारं हवं.

मेकच्या आउटपुटमध्ये मॉडपोस्टने (बिल्डच्या शेवटी नावं तपासणाऱ्या टूलने) ‘अनडिफाइन्ड’ असा इशारा दिलेला असणार, तो शोधा. ४.१९ वर बाहेरच्या मॉड्यूलसाठी तो नुसता इशारा असतो आणि केओ फाइल (तयार मॉड्यूल) बनून जाते. पुढच्या कर्नलमध्ये बिल्ड तिथेच थांबतं, आणि ते फार बरं झालं.

इन्समॉडच्या संदेशावर विसंबू नका, डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) बघा. तिथे सिम्बॉलचं नाव आणि एरर नंबर दोन्ही असतात. -२ म्हणजे नाव सापडलं नाही. -२२ म्हणजे नाव आहे, पण जुळत नाही. बहुतेकदा वरच्याच ओळीत सिम्बॉलच्या व्हर्जनची तक्रार असते, म्हणजे बिल्ड दुसऱ्याच कर्नलच्या हेडर्सवर झालंय. अशा वेळी इन्समॉड ‘इनव्हॅलिड पॅरामीटर्स’ म्हणतो आणि माणूस भलतीकडेच पॅरामीटर शोधत बसतो.

फंक्शन दुसऱ्या मॉड्यूलमध्ये असेल तर ते आधी लोड व्हायला हवं. इन्समॉड ते करत नाही. डेपमॉड (कोणतं मॉड्यूल कोणावर अवलंबून ते नोंदवणारी आज्ञा) चालवून मॉडप्रोब (अवलंबून असलेली मॉड्यूल्सही लोड करणारी आज्ञा) वापरा.

एक प्रकार मला आयुष्यभर लक्षात राहील. ३२-बिट एआरएम बोर्डवर माझं मॉड्यूल ‘एईएबीआय_यूएलडिव्हमॉड’ सापडत नाही म्हणून अडलं. हे नाव माझ्या कोडमध्ये कुठेच नव्हतं. अख्खा दिवस मी हेडर्स तपासत होतो. शेवटी कळलं, ६४-बिटच्या संख्येला मी साध्या तिरक्या रेघेने भागलं होतं. कंपायलरने तिथे स्वतःच्या लायब्ररीतलं फंक्शन बोलावलं आणि कर्नलमध्ये ते नसतं. डिव्ह_यू६४ वापरलं, मॉड्यूल लोड झालं. न लिहिलेलं नाव अडलं, तर आधी भागाकार बघा.

कॉलसिम्स_लुकअप_नेमने पत्ता काढून फंक्शन बोलवा, असा सल्ला तुम्हाला बऱ्याच जुन्या उत्तरांत मिळेल. ४.१९ वर ते चालेलही, पण करू नका. २०२० मध्ये आलेल्या ५.७ पासून त्याचं एक्स्पोर्ट काढून टाकलंय. शिवाय आतल्या फंक्शनचे आर्ग्युमेंट उद्या बदलले, तर मॉड्यूल बिनतक्रार लोड होईल आणि मशीन कोसळेल.

अडलेल्या फंक्शनचं नाव आणि त्याच्याकडून काय काम हवंय ते लिहा. त्याच कामाचं एक्स्पोर्ट केलेलं फंक्शन पुष्कळदा शेजारच्याच फाइलमध्ये असतं, मी शोधून देतो.