आई भरपूर पाणी पिते, रोज तेल लावते, तरी तिची त्वचा इतकी कोरडी का?

तुमचा प्रश्न वाचून थांबले, कारण हेच सगळं आमच्या घरात होऊन गेलंय. तुम्ही लिहिता, आई ७१ वर्षांच्या, दिवसाला अडीच लिटर पाणी पितात, आंघोळीआधी अंगाला खोबरेल चोळतात, तरी नडग्यांवर कोंडा सुटतो आणि रात्री खाजवून ओरखडे उठतात. वयामुळे त्वचा पाणी धरत नाही का, आणि पाणी अजून वाढवावं का, असं तुम्ही विचारलंय.

पाणी वाढवू नका. अडीच लिटर पुरेसं आहे. त्वचेच्या आतल्या जिवंत पेशींत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतंच, आईंच्याही. अडचण आहे ती सगळ्यात वरच्या थरात, आणि पाणी जास्त प्यायलं म्हणून तो थर ओला होत नाही.

हा थर म्हणजे मेलेल्या, चपट्या पेशींच्या पंधरा-वीस पापुद्र्यांची भिंत. हातापायांवर तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढी, वहीच्या कागदाहून कितीतरी पातळ. पण तिच्याचमुळे घाम वगळला तर अंगातून दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिलिलिटरच पाणी उडून जातं. मोठं भाजल्यावर ही भिंत जाते, म्हणून तर रुग्णाला सलाइनवर सलाइन चढवावं लागतं.

मी फार्मसी कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. तिथे मुलांना ही रचना विटा आणि चुन्याच्या भिंतीसारखी सांगायचे. शास्त्रज्ञही हीच उपमा वापरतात. विटा म्हणजे त्या मेलेल्या पेशी. चुना म्हणजे मधले स्निग्ध पदार्थ: निम्मे सिरॅमाइड, साधारण पाव हिस्सा कोलेस्टेरॉल, उरलेल्यात मुख्यतः मेदाम्लं. हा चुना पाणी बाहेर जाऊ देत नाही. आणि विटांच्या पोटात अमिनो आम्लं, युरिया, लॅक्टेट असे पाणी ओढून धरणारे पदार्थ असतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसे हे हवेतली आणि आतून येणारी ओल धरून ठेवतात. मात्र ते पाण्यात विरघळतात. कढत पाण्यात बराच वेळ भिजलं की तेच वाहून जातात, आणि अंग पुसल्यावर त्वचा आधीपेक्षा जास्त ओढल्यासारखी वाटते.

आता तेलाचं. १९५२ साली अमेरिकेत आयर्विन ब्लँक नावाच्या संशोधकाने तळपायाच्या घट्ट्याचे तुकडे वाळवून कडक केले आणि ते तेलात बुडवून ठेवले. ते मऊ पडले नाहीत. पाण्याने मात्र लगेच लवचिक झाले. सोलापूरची कडक भाकरी तेलात ठेवली तर कडकच राहते, आमटीत चुरली की नरम येते, तसंच हे. या थरातलं पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेलं की तो ठिसूळ होतो, उलतो. म्हणजे त्वचेला मऊ करतं ते पाणीच. तेलाचं काम आहे ते पाणी उडू न देण्याचं. आई कोरड्या अंगाला तेल लावतात आणि मग गरम पाण्याने, साबणाने ते धुऊन टाकतात. दिवाळीच्या अभ्यंगाचा आनंद मला मोलाचा वाटतो, तो सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण रोजच्या कोरडेपणावर तेलाची जागा आंघोळीनंतर आहे, अंग किंचित ओलं असताना.

वयाने नेमकं काय बदलतं? मलाही आधी वाटायचं की म्हाताऱ्या त्वचेतून पाणी जास्त गळत असणार. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी ऐंशीच्या पुढची माणसं आणि विशी-तिशीतली माणसं यांची तुलना केली, तेव्हा नुसतं बसलेलं असताना वृद्धांच्या त्वचेतून पाणी जास्त जात नव्हतं. मग त्यांनी चिकटपट्टी लावून आणि ओढून एकेक पापुद्रा काढायला सुरुवात केली. तरुणांची भिंत पडायला सरासरी ३१ पट्ट्या लागल्या, वृद्धांची १८ मध्येच पडली. आणि चोवीस तासांनी तरुणांची निम्मी दुरुस्ती झाली होती, वृद्धांची जेमतेम १५ टक्के. त्यांच्या भिंतीत चुनाही कमी भरला, साधारण तीस टक्क्यांनी.

मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आईंची भिंत उभी आहे, पण गवंडी थकलाय. वीस वर्षांच्या मुलीने रोज अंग खसाखसा घासलं तरी तिची डागडुजी दुसऱ्या दिवसापर्यंत बरीचशी झालेली असते. आईंची कालची पडझड भरायच्या आत आज पुन्हा घासणं होतं. त्यात पाळी गेल्यावर बायकांच्या तेलग्रंथींचं काम मंदावतं, आणि नडगीवर त्या ग्रंथी मुळातच थोड्या. म्हणून सुरुवात नडगीपासून होते.

माझ्या सासूबाई निफाडच्या. तिथली थंडी ठाऊक असेल तर कल्पना येईल: बंबाचं कढत पाणी, अंगभर साबण आणि पायांवर वजरी. पांढरं फुटलंय म्हणजे मळ आहे, अशी त्यांची पक्की समजूत, म्हणून नडगीवरही वजरी चालायची. जितकं पांढरं दिसे तितकं त्या जास्त घासत. एका जानेवारीत नडगीची कातडी आटलेल्या तळ्याच्या गाळासारखी तडकली, एका भेगेत पू झाला आणि प्रतिजैविकं घ्यावी लागली. मी रोज समोर बघत होते आणि वेळेवर बोलले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर काय बदललं ते सांगते. पाणी कोमट, आंघोळ पाच-सात मिनिटांत. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू पाचच्या आसपास. नेहमीचा साबण नऊ-दहाचा. चुना तयार करणारी विकरं आम्लातच नीट चालतात, आणि वयाने हा सामू आधीच थोडा वर चढलेला असतो. वजरी फक्त टाचेला, तीही आठवड्यातून एकदा. पंचाने टिपून घ्यायचं, रगडायचं नाही, आणि तीन-चार मिनिटांच्या आत वरून लावायचं.

काय लावायचं? साधी पेट्रोलियम जेली पाणी अडवण्यात कुठल्याही तेलाच्या पुढे आहे, आणि स्वस्तही. चिकट वाटत असेल तर ती फक्त रात्री नडग्यांना लावा. दिवसा युरिया असलेलं मलम, पाच ते दहा टक्क्यांचं. हा युरिया म्हणजे विटांच्या पोटात मुळात असतो तोच पदार्थ. मात्र भेगा असतील तिथे तो झोंबतो, आधी त्या बुजू द्या. खोबरेल चालेल. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मी टाळायला सांगते. दोन्हींनी ही भिंत बिघडते असं संशोधनात दिसलंय. महागड्या डब्यांवर ‘सिरॅमाइड’ लिहिलेलं असतं, ते वाईट नसतं, पण ते परवडत नाही म्हणून आईंचं काही अडणार नाही.

दोन धोके लक्षात असू द्या. तेलकट तळव्यांनी फरशीवरून घसरून म्हातारी माणसं हाड मोडून घेतात, म्हणून तळव्यांना लावलंत तर वर मोजे घाला आणि त्यांना पलंगावरच बसू द्या. उठताना मोजे काढा आणि तळवे पुसून घ्या, नुसते मोजेही फरशीवर सरकतात. आणि मलम-तेल मुरलेल्या गाऊनला, साडीला आग पटकन लागते. समईजवळ, गॅसजवळ सांभाळा.

आईंना मधुमेह असेल तर पायाची भेग घरी सांभाळत बसू नका, लगेच दाखवा. बीपीसाठी लघवीची गोळी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, त्यांनीही त्वचा कोरडी पडू शकते; गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका. आणि कोरडेपणा गेल्यावरही अंगभर खाज राहिली, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड आणि रक्त तपासून घ्या. उतारवयातली खाज कधीकधी त्वचेची नसतेच.

खाज आठवडाभरात कमी होईल असं वाटतं. त्वचा सुधारायला जास्त वेळ लागेल: तरुणपणी खालून निघालेली पेशी साधारण महिनाभरात वरून गळते, या वयात त्याला दीड महिना किंवा त्याहून जास्त लागतो. सासूबाईंच्या नडग्या संक्रांतीनंतर सुरू करून होळीच्या सुमारास गुळगुळीत झाल्या.