‘ठाव घेणे’ आणि ‘रुतणे’

गुहागरच्या एका शिक्षिकेने शाळेच्या विज्ञान अंकासाठी विचारले आहे, की शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलेल्या हायगेन्स यानाबद्दल लिहिताना ‘टायटनच्या जमिनीचा ठाव घेणारी उपकरणे’ असे म्हणावे का.

लक्षणेने म्हणता येईल, पण मी म्हणणार नाही. ‘ठाव’ म्हणजे मुळात जागा, ठिकाण. ‘ठावठिकाणा’ या जोडशब्दात तोच अर्थ आहे. पाण्याच्या संदर्भात मात्र ठाव म्हणजे पाय टेकतील असा तळ, आणि तो सापडेपर्यंत खाली जाणे म्हणजे ठाव घेणे. आपल्या किनाऱ्यावर ही खोली वावांत मोजत आले आहेत. दोन्ही हात आडवे पसरले की होते ते अंतर एक वाव, सुमारे सहा फूट.

हायगेन्सवर ठाव घेणारे उपकरण खरोखरच होते. यान द्रवात उतरले असते, तर त्याने ध्वनीचे स्पंद खाली सोडून परतलेल्या प्रतिध्वनीवरून खोली सांगितली असती. पण १४ जानेवारी २००५ रोजी यान घट्ट जमिनीवर टेकले आणि ठाव घ्यायचा राहिला. तो पुढे कॅसिनी यानाने रडारच्या साहाय्याने वरूनच घेतला: लायजिया या मिथेनच्या समुद्राची खोली सुमारे १६० मीटर, म्हणजे जवळजवळ ८७ वाव, भरली.

जमिनीची परीक्षा केली ती यानाच्या बुडातून खाली डोकावणाऱ्या लहानशा दांड्याने. जमिनीला आधी तोच टेकला आणि आत जाताना त्याला किती विरोध झाला, याची नोंद क्षणार्धात झाली. त्यावरून तिथली जमीन ओल्या वाळूसारखी असावी, असा अंदाज बांधला गेला. ओहोटीला ओल्या पुळणीत काठी दाबून पाहणाऱ्याला ही परीक्षा समजावून सांगावी लागणार नाही, आणि तिच्यासाठी त्याच्या तोंडी येणारे क्रियापद ‘रुतणे’ हेच असेल. म्हणून या दांड्याला ‘भेदनमापक’ म्हणणेही मला पटत नाही, कारण भेदण्यात आरपार जाण्याची किंवा फोडण्याची छटा आहे आणि इथे तसे काही झाले नाही. ‘तापमापी’च्या धर्तीवर ‘रुतमापी’ म्हणावे. शब्द नवा असला तरी मुलांना तो ऐकताक्षणी कळेल.

तेव्हा अंकातले वाक्य असे करावे: ‘द्रव लागल्यास ठाव घेणारे आणि जमीन लागल्यास तीत रुतून तिचा घट्टपणा मोजणारे, अशी दोन्ही उपकरणे हायगेन्सवर होती.’