योजनांच्या कॅल्क्युलेटरने 'पात्र नाही' सांगितलं, तर अभिप्राय पाठवून काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की ५८ वर्षांच्या विधवा काकूंची माहिती एका पात्रता कॅल्क्युलेटरमध्ये भरली, एकही योजना लागू नाही असं उत्तर आलं, आणि आता खालच्या 'अभिप्राय द्या' बटणावर काही लिहावं की नाही असा प्रश्न पडलाय. लिहाच. एका स्वयंसेवी संस्थेच्या पात्रता ॲपवर येणारे अभिप्राय वाचायचं काम मी करते. तुम्ही लिहू पाहताय तसा अभिप्राय आमच्याकडे क्वचितच येतो आणि सगळ्यात जास्त उपयोगी तोच पडतो.

ॲपने चुकून 'पात्र' सांगितलं तर माणूस कागद गोळा करतो, तहसीलला खेटे घालतो, अर्ज नामंजूर झाला की चिडून आम्हाला कळवतो. ती चूक आपोआप उघडी पडते. चुकून 'पात्र नाही' सांगितलं तर तो फोन बाजूला ठेवतो आणि विषय तिथेच संपतो. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये त्याला मिळू शकले असते, हे ना त्याला कळतं ना आम्हाला. म्हणून नकार मिळालेल्यांनी लिहिणं फार गरजेचं आहे.

काय लिहावं? 'ॲप चुकीचं आहे' एवढ्यावरून आम्हाला काही शोधता येत नाही. कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, निकाल काय आला आणि तुमच्या मते तो का पटत नाही, एवढं लिहा. कुठला प्रश्न वाचताना अडखळलात, तेही लिहा, कारण बहुतेक वेळा गडबड हिशोबात नसते, प्रश्नातच असते.

बीपीएलचंच बघा. आमच्या ॲपमध्ये आधी 'तुम्ही बीपीएल आहात का?' असा प्रश्न होता आणि पुढे हो किंवा नाही. आपल्याकडे लोकांना ठाऊक असतो तो रेशनकार्डाचा रंग, कारण १९९९ पासून पिवळं, केशरी, पांढरं अशी कार्डं आहेत. एकीने कळवलं की आईचं कार्ड पिवळं आहे, पण ग्रामपंचायतीतल्या दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव सापडलं नाही, म्हणून 'नाही' दाबलं. मग 'हो' दाबून पाहिलं तर आणखी योजना दिसायला लागल्या. आता खरं काय धरायचं, असं तिने विचारलं होतं. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. केंद्राच्या विधवा निवृत्तिवेतनासाठी यादीतलं नाव बघतात, दुसरीकडे पिवळं कार्ड चालून जातं. आम्ही प्रश्नाचे दोन भाग केले, आधी कार्डाचा रंग, मग यादीत नाव आहे का. दुसऱ्या प्रश्नाला 'माहीत नाही' हे उत्तरही ठेवलं. ते निवडलं तर योजना गाळली जात नाही, 'यादी तपासून घ्या' अशा सूचनेसह दिसते. माझ्या मते सरकारी असो वा खासगी, प्रत्येक कॅल्क्युलेटरमध्ये 'माहीत नाही'ची सोय हवीच. ती नसली की लोक अंदाजाने काहीतरी दाबतात.

उत्पन्नाचा प्रश्न याहून अवघड. संजय गांधी आणि वृद्धांसाठीची श्रावणबाळ या दोन्ही योजनांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे २१,००० रुपये (दिव्यांगांसाठी संजय गांधी योजनेत ५०,०००). म्हणजे महिन्याला १,७५०. ही मर्यादा फारच तोकडी आहे, तो वेगळा आणि मोठा विषय. पण इतक्या कमी मर्यादेत एक आकडा इकडचा तिकडे झाला की निकाल फिरतो. कुणी वार्षिक रकान्यात महिन्याची कमाई लिहितं, कुणी विभक्त राहणाऱ्या मुलाचा पगार मिळवतं. तुम्ही काकूंच्या मुलाचं उत्पन्न धरलंत का? त्याचं रेशनकार्ड वेगळं आहे का? हे फॉर्मने विचारलं नसेल तर अभिप्रायात नेमकं तेच लिहा.

कॅल्क्युलेटरवरचं योजनेच्या माहितीचं पान जुनं असेल तर नव्या शासन निर्णयाची तारीख आणि संकेतांक द्या. संजय गांधीचं अनुदान २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झालं, तरी जुना आकडा दाखवणारी पानं अजून सापडतात. नियम किती झटपट बदलू शकतात ते लाडकी बहीण योजनेत सगळ्यांनी पाहिलं. २८ जून २०२४ च्या निर्णयात वयाची कमाल मर्यादा ६० होती आणि पाच एकरांपेक्षा जास्त शेती नसावी अशी अट होती. ओरड झाली, आणि आठवड्याच्या आत वय ६५ झालं, शेतीची अट गेली, अधिवासाच्या दाखल्याऐवजी १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्डही चालेल असं ठरलं. म्हणून निकालाखाली 'हा नियम अमुक तारखेचा' असं छापलेलं असावं, ही मागणी तुम्हीही जरूर करा.

आणि कृपा करून अभिप्रायात आधार क्रमांक, बँक खातं, काकूंचं नाव लिहू नका. लोक विश्वासाने लिहितात, पण ते कोण कोण वाचतं यावर तुमचा ताबा नसतो. वय, जिल्हा, कार्डाचा रंग पुरेसा आहे.

केंद्राच्या मायस्कीम या योजना शोधायच्या संकेतस्थळावर (२०२२ पासून सुरू) तीच माहिती पुन्हा भरून पाहा आणि दोन्हीकडचे निकाल वेगळे आले तर तेही कळवा. अशी तुलना दुरुस्ती करणाऱ्याला फार कामाची असते.

पण अभिप्रायाच्या उत्तराची वाट बघत काकूंना थांबवू नका. कॅल्क्युलेटरच्या नकाराला कायद्याने काही अर्थ नाही, निर्णय तहसीलला होतो. तलाठ्याकडून चौकशी करून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा, काकांचा मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तहसीलच्या संजय गांधी शाखेत अर्ज करा, पोच घ्या. नामंजूर झालाच तर कारण लेखी मागा आणि ते कॅल्क्युलेटरवाल्यांनाही पाठवा. शिवाय काका घरातले कर्ते होते, वारले तेव्हा साठीच्या आत होते आणि कुटुंबाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेत एकरकमी २०,००० रुपये मिळतात. घरात कुणाचं निधन झालंय का हा प्रश्नच अनेक कॅल्क्युलेटर विचारत नाहीत, त्यामुळे ही योजना यादीत येत नाही. तोही अर्ज त्याच शाखेत होतो, फार उशीर करू नका.