तीन खणांपाशी अडकू नका

प्रशासकीय कायदा, म्हणजे सरकारी यंत्रणांनी अधिकार कसे वापरायचे याचा कायदा, वाचायला घेतलात, छान. पण कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ या तीन खणांत सगळं कोंबायचा हट्ट आधी सोडा. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ मध्ये सत्ताविभाजन मांडलं तेव्हा आजच्यासारखी नियामक मंडळं त्याच्यासमोर नव्हती. आता एकच मंडळ नियम करतं, तपासणी करतं आणि दंडही ठोठावतं. त्याला ‘चौथी शाखा’ म्हणून मोकळं होता येतं, पण मला ती पळवाट वाटते.

त्यापेक्षा एखादा छोटा नियम घेऊन बसा. समजा, पिण्याच्या पाण्यात शिसं किती चालेल. कायद्यात बहुधा ‘सुरक्षित पाणी’ एवढंच असतं. आकडा ठरवतात अधिकारी. तो कुणी ठरवला? मसुदा आधी जाहीर केला का? हरकती आल्या त्यांना उत्तर दिलं, की नुसत्या फायलीला लावल्या? कारणं लेखी आहेत का, दाद कुठे मागायची? ‘लोकांची इच्छा’, ‘सार्वभौमत्व’ असले भारदस्त शब्द इथे फारसे कामाला येत नाहीत.

अमेरिकेचा १९४६ चा प्रशासकीय कार्यपद्धती कायदा जरूर वाचा (कंटाळवाणा आहे, तरीही). मग तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा शेव्हरॉन निकाल: कायदा संदिग्ध असेल तर सरकारी यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मानावा. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने तो मोडीत काढला. दोन्ही निकालपत्रं शेजारी ठेवून वाचा, भाष्यं नंतर.