"पॉझिटिव्ह राहा" म्हणजे नेमकं करायचं काय?

ताई, मिस्टरांची नोकरी गेली, त्यातच तुमची तीन महिन्यांची शुगर साडेआठ आली, आणि घरीदारी सगळ्यांचं एकच पालुपद, "पॉझिटिव्ह राहा". त्याने शुगर उतरते का, असं विचारलंय तुम्ही. नुसत्या विचारांनी नाही उतरत. गोळ्या आणि पथ्य सुरूच ठेवा, हे आधी.

पण मनाचा तब्येतीशी संबंध नाही असंही नाही, फक्त तो आडवाटेने पोचतो. माझी अँजिओप्लास्टी झाली त्याला सहा वर्षं झाली. घरी आल्यावर मीही आरशावर चिठ्ठी चिकटवली होती, "मी ठणठणीत आहे". सकाळी ती वाचायची आणि दिवसभर पलंगावर पडून राहायचं! साधा गॅस झाला तरी दरदरून घाम. ठाण्यातला आमचा उपवन तलाव दहा मिनिटांवर, पण पाऊल निघेना. रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी आठवड्यातून दोनदा तरी राहायचीच.

मग खालच्या मजल्यावरचे नाना रोज सहाला दारात येऊ लागले. रिटायर्ड एसटी कंडक्टर. बेल दोनदा दाबायचे आणि म्हणायचे, "डबल बेल दिलीय, गाडी काढा." पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीतच दमलो आणि बाकावर बसून चक्क रडलो. नानांनी उपदेश केला नाही. खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढली, माझ्यापुढे धरली आणि पाण्याकडे बघत बसले. चालणं लागलं तशी झोप लागली, आणि गोळीही आठवायला लागली.

हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, आजारपण, घरात भांडणं अशा परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश चांगली कर्तीसवरती निघाली. त्यांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, आई-वडील नसतील तर आजी, मावशी, शिक्षक, पण कुणीतरी एक जण पाठीशी घट्ट उभं होतं. हे वाचलं तेव्हा मला नानाच दिसले.

आणि रडू आलं तर रडा हो, ताई. हसरा मुखवटा लावायची सक्ती कुणी केलीय? जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला सर्वांत लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. लिहून झाल्या झाल्या मुलांना उलट वाईटच वाटलं. पण घटना आणि भावना दोन्ही मोकळेपणाने लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी भरल्या. साधी दोनशे पानी वही घ्या. कुणाला दाखवायची नाही, वाटलं तर फाडून टाका. मी टाकली होती.

मिस्टरांची मला जास्त काळजी वाटते. "काही केलं तरी उपयोग नाही" हे ते रोज म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना मुलाखतींबद्दल तूर्त विचारू नका. तुमची शुगर तपासून वहीत आकडा लिहायचं काम त्यांच्याकडे द्या. घरात आपली गरज आहे हे माणसाला हातात काम आलं की कळतं. झोप, जेवण दोन आठवडे बिघडलेलंच राहिलं किंवा जगण्यात अर्थ नाही असं ते बोलायला लागले, तर मात्र थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

तुम्ही वसंत विहारला राहता ना? आम्ही सव्वासहाला तलावावर असतो. दोघंही या. शेंगदाणे नाना अजून आणतात.