करार झाला, नमुने कधी फिरणार?

तुझं पत्र दोनदा वाचलं. घातक जंतू ओळखण्याच्या कामात तुमच्या लष्करी प्रयोगशाळेचा भागीदार देशाशी करार झालाय, निधीही आहे, आणि आता सिक्वेन्सर (जनुकक्रम वाचणारं यंत्र) घ्यावा की परिषद भरवावी यात तू अडकलायस. दोन्ही राहू दे. आधी ब्लाइंड नमुने, म्हणजे आत काय आहे ते तपासणाऱ्याला न सांगितलेले नमुने, दोन्ही देशांच्या प्रयोगशाळांत फिरव.

दहा कुप्या पुरेत. सगळ्या निष्क्रिय केलेल्या, उत्तरं फक्त पाठवणाऱ्याकडे. दोन कोऱ्या (जंतू नसलेल्या), दोन अगदी पुसट (जंतू फार थोडे), एकीत अँथ्रॅक्सच्या जंतूचा चुलतभाऊ बॅसिलस सेरियस. निम्म्यांत माती मिसळ. लष्करी प्रयोगशाळेकडे रक्तासोबत माती, पावडर, पुसून घेतलेले बोळे येतात, आणि किट बहुधा रुग्णांच्या नमुन्यांवर पारखलेले असतात. मातीतलं ह्युमिक आम्ल पीसीआर (डीएनए वाढवून जंतू ओळखणारी चाचणी) दाबून टाकतं. म्हणून प्रत्येक नमुन्यात अंतर्गत कंट्रोल हवाच, म्हणजे चाचणी चालली की नाही हे दाखवणारा ओळखीचा डीएनए. शोधायचा जंतू दिसला नाही आणि कंट्रोलही उठला नाही, तर 'निगेटिव्ह' नव्हे, 'अवैध' लिहायचं; नमुन्यातून काढलेला डीएनएचा अर्क दहापट पातळ करून पुन्हा लावायचा. अँथ्रॅक्ससाठी एका जनुकीय खुणेवर विसंबू नकोस: गुणसूत्रावरची एक आणि दोन्ही प्लास्मिडांवरची (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवरची) एकेक.

'निष्क्रिय' हा शब्दही कागदावरून मानू नकोस. अमेरिकेच्या डगवे लष्करी तळावरून गामा किरणांनी मारलेले म्हणून पाठवलेले अँथ्रॅक्सचे बीजाणू (जंतूची टिकाऊ, सुप्त रूपं) जिवंत निघाले. 2015 मध्ये हे उघड झालं, तोवर ते दक्षिण कोरियापर्यंत पोचले होते. प्रत्येक बॅचमधला थोडा भाग पोषक माध्यमात ठेवून काही उगवतं का ते बघ, आणि जखमी बीजाणू उशिरा उगवतात, तेव्हा घाई नको.

निष्क्रिय नमुन्यांना वाहतूक नियमांत सूट मिळते. तरी सरावासाठी एक खोका यूएन 3373 च्या (जैविक नमुन्यांच्या एका वाहतूक वर्गाच्या) तिहेरी वेष्टनात बांध. कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वायू होऊन उडून गेल्यावर आतला डबा हलू नये म्हणून आधार दे, आणि बाहेरच्या खोक्यातून वायू निघायला वाट ठेव, नाहीतर खोका फुटतो. आयात परवान्यावर सही कोणाची, हे आत्ताच विचार. संकटाच्या रात्री खोका विमानतळावर पडून राहतो तो याच सहीपायी.

पहिल्या फेरीत काही उत्तरं चुकतीलच. वरिष्ठ म्हणतील, बाहेर कळवू नका. तिथे अडून बस. अशा वेळी मी गप्प राहिलो, त्याची खंत अजून आहे. आज मला हट्टी म्हणतात, म्हणोत. निकालांसोबत पीसीआरचे मूळ आलेखही पाठव, म्हणजे चूक अर्क काढताना झाली की वाचताना, ते दोघांना दिसेल. आणि पहिला खोका निघण्याआधी दुसऱ्या फेरीची तारीख ठरव.